आजच्या पोरांचं खरंच जास्त अवघड आहे का? आमच्या घरात पेटलेला वाद

ओवी_सोलापूर | ७ डिसेंबर, रात्री १०.४०

बरेच दिवस इथे फक्त वाचते आहे, पहिल्यांदाच धागा काढते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी लातूरला मेडिकलच्या 'नीट' प्रवेश परीक्षेची तयारी करते. बारावी झाली, पहिल्या वर्षी एमबीबीएसला लागेल एवढे मार्क पडले नाहीत, म्हणून एक वर्ष थांबली आहे. खोलीत तिघी मुली, खाली मेस, सकाळी साडेसहाला बाहेर पडते ते रात्री नऊला परत. दर रविवारी चाचणी आणि संध्याकाळी मोबाइलवर रँक. दिवाळीला घरी आली ती चार दिवस, त्यातले दोन दिवस सराव पेपर सोडवण्यात गेले.

भाऊबीजेच्या दिवशी ती जेवता जेवता रडायला लागली. माझे वडील समोर होते. बार्शीकडच्या खेड्यातले, आता सत्तरीच्या वर. ते म्हणाले, "अगं, आम्ही बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली. उपाशी पोटी. तुला पंख्याखाली बसून पुस्तक वाचायचंय, त्यात रडण्यासारखं काय?"

मुलगी म्हणाली, "आजोबा, खडी फोडून झाली की संध्याकाळी माप घेऊन मोकळं करायचे ना तुम्हाला? माझं माप रोज चालूच असतं."

वडील उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं नीट नाही. मी मध्ये उभी. बापाचे हात मी पाहिलेत, अजून डाव्या अंगठ्याचं नख वाकडं आहे. आणि पोरीचे डोळेही पाहते आहे.

२०२४ साली नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात एक लाखाच्या थोड्या वर. त्या वर्षी आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२० जाहीर झाले, मग वाढीव गुणांचा घोळ, पेपरफुटी, सुप्रीम कोर्ट. मुलगी तेव्हा अकरावीत होती. तेव्हापासून ती विचारते, "आई, मी सगळं बरोबर केलं तरी होईल ना?" याला काय उत्तर द्यायचं ते मला आजही सुचलेलं नाही.

तुम्हाला काय वाटतं? मागच्या पिढ्यांपेक्षा यांचं जास्त कठीण आहे का? खरं सांगा, मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

सई_का | ७ डिसेंबर, रात्री ११.०५

वाचते आहे. आमच्याकडे मुलगा अकरावीत, वाद हाच, फक्त आजोबांच्या जागी नवरा. +१

गिरणगावकर | ८ डिसेंबर, सकाळी ७.१५

ओवीताई, मी लालबागचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दहावीत होतो, बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले.

आमच्याकडे घड्याळ नव्हतं, भोंग्यावर दिवस चालायचा. भोंगा बंद झाल्यावर पहिले काही दिवस आईला सकाळी कधी उठायचं तेच कळेना. मार्चपर्यंत तिच्या कानातलं गेलं, मग पितळेची भांडी. गावाहून, राजापूरकडून, काकाने तांदूळ पाठवला त्यावर पावसाळा काढला. आईने सात-आठ जणांची खानावळ घेतली होती, तेही संपकरीच, तेही पैसे देऊ शकेनात. मला ६१ टक्के पडले. कॉलेजचा फॉर्म आणला होता, भरला नाही. एका छापखान्यात कंपोझिंगला लागलो. वय सोळा.

एवढं असूनही मी तुमच्या मुलीच्या बाजूने आहे.

आमच्या मजल्यावर बावीस खोल्या होत्या. त्यातल्या अठरा घरांत हीच दशा. मी फॉर्म भरला नाही हे कुणाला सांगावं लागलं नाही, सगळ्यांना दिसत होतं. कुणी "का रे शिकला नाहीस" असं विचारलं नाही. बाप हरला हे दिसत होतं, पण बापासोबत अख्खं गिरणगाव हरलं होतं. मला कधी असं वाटलं नाही की माझ्यातच काहीतरी कमी आहे.

माझा पुतण्या आज दहावीत आहे. त्याच्या शाळेच्या ग्रुपवर प्रत्येक चाचणीचे मार्क नावानिशी येतात. तो हरला तर एकटा हरतो, आणि त्याच रात्री दोनशे जणांना कळतं.

पारावरचे_आबा | ८ डिसेंबर, सकाळी ११.३०

मी तुमच्या वडिलांच्याच वयाचा, करमाळा तालुक्यातला. बहात्तरला नववीत होतो. त्यांच्या वतीने थोडं लिहितो.

शाळा सुटली ती पावसाळा कोरडा गेल्यावर. कामावर घेताना वय बघायचे, मस्टरवर दोन-तीन वर्षं वाढवून सांगितली. मुकादमाला माहीत होतं, तोही काही बोलला नाही. पाझर तलावावर माती, मग रस्त्यासाठी खडी. बायका सुपलीने खडी सारखी करायच्या. हाताला फडकी बांधायची, दुपारपर्यंत ती रक्ताने कडक व्हायची. दुपारी सुकडी, म्हणजे कोरडा खाऊ, मिळायची, ती धाकट्या भावासाठी अर्धी बांधून ठेवायची. घरी रेशनची लाल मिलो ज्वारी, अमेरिकेतून आलेली. भाकरी थापता यायची नाही, तुटायची, चवीला कडवट. १९७३ च्या मे महिन्यात अशा कामांवर राज्यात ५० लाखांच्या घरात माणसं होती. आमच्या गावात म्हाताऱ्या सोडून कुणी उरलं नव्हतं. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला.

मी शाळेत परत गेलो नाही. आजही पेपर वाचताना इंग्रजी शब्द आला की थांबतो. तुमच्या वडिलांना नातीचं रडणं खोटं वाटत नसणार, ताई. त्यांना वाटत असणार की जे मला मिळालं नाही ते हिला मिळालं, मग ही दुःखी का? आपल्या हातून काय राहिलं, हा प्रश्न त्यांना पडला असेल. म्हणून ते ओट्यावर जाऊन बसले.

गिरणगावकरांचं पटलं. उपाशी होतो, पण सगळेच उपाशी होते. त्यात लाज नव्हती.

निळी_शाई | ८ डिसेंबर, दुपारी १.५०

आबा, तुमच्या वयाचा मान ठेवून लिहितो. "सगळेच सारखे" हे खरं नाही.

माझे वडील त्याच दुष्काळात, त्याच प्रकारच्या कामावर, जालन्याकडे होते. वय चौदा. कामावर पिण्याच्या पाण्याचा रांजण होता, त्याला आमच्या लोकांनी हात लावायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी वरून ओंजळीत ओतायचं. उन्हात तीन-तीन तास कुणी ओतणारा मिळायचा नाही. रोजगार एकच, माती एकच, तहान मात्र वेगळी. लाज नव्हती असं तुम्ही म्हणता, माझ्या वडिलांना लाजेशिवाय एक दिवस गेला नाही.

ते पुढे औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकले, बाबासाहेबांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या. भारत सरकारची स्कॉलरशिप उशिरा यायची, पण यायची. तेवढ्यावर वसतिगृहात राहून बी.ए. झाले. त्यांच्या किशोरवयापेक्षा माझ्या मुलीचं सोपं आहे, यात मला तिळभर शंका नाही. तिला कुणी पाणी वरून ओतत नाही.

पण तिच्या क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात एका मुलाने विचारलं, "तुझी कॅटेगरी कुठली? मग तुला काय टेन्शन?" ती घरी येऊन गप्प बसली. मी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "आपल्याला तोंडावर बोलायचे, तेव्हा निदान कुणाशी भांडायचं हे कळायचं."

पारावरचे_आबा | ८ डिसेंबर, दुपारी ४.२०

निळी_शाई, तुमचं बरोबर आहे. आमच्या कामावरही दोन रांजण होते. मी लिहिताना ते आठवलं नाही, आणि आठवलं नाही हेच वाईट आहे. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

रानजाई | ८ डिसेंबर, रात्री ९.००

सगळे पुरुष बोलतायत, म्हणून मी लिहिते.

माझा जन्म १९६२ चा. मला 'किशोरवय' नव्हतंच. पाळी आली त्या उन्हाळ्यात शाळा बंद. १९७७ ला लग्न, पंधरा नुकतीच पूर्ण झाली होती. तेव्हाच्या कायद्यात ते बसत होतं, पुढच्याच वर्षी मुलीचं वय अठरा केलं. एक वर्ष उशिरा जन्मले असते तर काय झालं असतं, हा विचार मी आयुष्यभर केला आहे. सोळाव्या वर्षी पहिलं बाळंतपण, घरात, सुईणीच्या हातावर. मूल अकरा दिवस जगलं. तेव्हा ते कुणाला आक्रीत वाटायचं नाही. १९७१ साली देशात जन्मणाऱ्या हजारातली १२९ बाळं वर्षाच्या आत जायची. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. त्या १२९ बाळांना आया होत्या आणि त्यातल्या कितीतरी स्वतःच पोरी होत्या.

माझी नात सतरा वर्षांची आहे. तिला पाळीत दुखलं तर ती सांगते. नवीन बूट हवेत म्हणून रुसते. ती रुसली की मला इतकं बरं वाटतं, कारण मला कुणावर रुसताच आलं नाही. ओवी, तुझ्या मुलीला रडू दे. आजोबांसमोर जेवता जेवता रडता येतं, हे आमच्या वेळेला नव्हतं.

आता कठीण कुणाचं? माझं होतं. सरळ सांगते. शरीराचं आणि जिवाचं आमचं जास्त कठीण होतं. पण म्हणून तिचं दुखणं कमी होत नाही, मला माझी नात तशी तराजूत घालायची नाही.

कोरोना_बॅच | ८ डिसेंबर, रात्री ११.५५

मी आता वीस वर्षांची. २०२१ ची दहावी, म्हणजे जिची परीक्षाच झाली नाही ती. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. आजही मुलाखतीला गेलं की दहावीचं वर्ष बघून समोरचा हसतो, "अच्छा, कोरोना बॅच का?" आम्ही परीक्षा मागितली होती. मी नववीपासून तयारी केली होती.

आमची वस्ती पाटणच्या वर डोंगरात. घरात एक मोबाइल, तो वडिलांचा. भाऊ सातवीत, मी दहावीत, तास दोघांचे एकाच वेळी. रेंज फक्त मंदिराच्या मागच्या खडकावर. पावसात प्लास्टिकचं इरलं डोक्यावर धरून भूमिती शिकले. मग अकरावीला कॉलेज सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२१ ला एसटीचा संप लागला. मुलींना एसटीचा पास फुकट असतो, पण गाडीच नाही तर पासाचं काय करायचं? वडापच्या जीपला रोजचे साठ रुपये. घरच्यांनी ठरवलं की भाऊ जाईल, मी घरून अभ्यास करीन. एप्रिल २०२२ पर्यंत मी कॉलेजला एकूण एकोणीस दिवस गेले. मोजले होते.

माझ्याबरोबरच्या दोघी त्या सहा महिन्यांत लग्न होऊन गेल्या. त्यांच्या घरच्यांना कुणी वाईट म्हणू नका. "कॉलेज बंदच आहे, स्थळ चांगलं आलंय" एवढंच झालं.

रानजाई आजी, तुमचं वाचून खूप वेळ बसले. १९७७ आणि २०२१, आणि गोष्ट तीच.

फिटर_नाशिक | ९ डिसेंबर, सकाळी ८.१०

थोडं वेगळं. माझे वडील दहावी नापास, मग आयटीआय फिटर, अॅप्रेंटिसशिप, सातपूरला कायम नोकरी. वयाच्या बाविसाव्या वर्षी. त्यावर घर झालं, आम्ही दोघे शिकलो. मावशी डी.एड. करून त्याच वर्षी जिल्हा परिषदेत लागली. शिडी अरुंद होती, पण पायरीवर पाय ठेवला की तो टिकायचा.

आमच्या शेजारचा मुलगा तोच ट्रेड करून त्याच पट्ट्यात जातो. अकरा महिन्यांचं कंत्राट, मग दुसरा ठेकेदार. चुलत बहीण डी.एड. झाली, मग टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही भरतीची परीक्षा, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलची वाट बघण्यात वय गेलं. आजचा सोळा वर्षांचा मुलगा हे बघतच मोठा होतो. त्याला "कष्ट कर, फळ मिळेल" सांगितलं की तो मोठ्या भावाकडे बघतो. माझ्या मते याचंच ओझं सगळ्यात मोठं आहे. मोबाइलचं नंतर.

समुपदेशक_पुणे | ९ डिसेंबर, दुपारी १२.३५

मी शाळांमध्ये काम करते. मोबाइलचा मुद्दा अजून कुणी नीट काढला नाही म्हणून लिहिते. सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि तीन-चार वर्षांत तो आठवी-नववीच्या मुलांच्या हातात गेला. माझ्याकडे येणारी मुलं अभ्यासापेक्षा झोपेबद्दल जास्त बोलतात. रात्री दोनला ग्रुपवर काहीतरी चालू असतं, उत्तर दिलं नाही तर सकाळी शाळेत बाहेर काढतात. पूर्वी शाळेतला त्रास शाळेच्या फाटकाशी थांबायचा.

एक आकडा देते. २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं, अशी सरकारी नोंद आहे आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र सगळ्यात वर होता. पूर्वीच्या काळी अशा नोंदी नीट होत नसत, त्यामुळे तुलनेसाठी मी हे वापरणार नाही. पण आजच्यासाठी पुरेसं आहे.

ओवी, मुलगी "नकोसं झालंय", "माझ्यामुळे पैसे वाया गेले" असं काही बोलते का? बोलली तर चाचणीबिचणी सोडून त्याच दिवशी लातूर गाठा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. तिच्याकडेही लिहून द्या. आजोबांच्या वाक्यात "रडण्यासारखं काय" हे चुकलं असं मला वाटतं. बाकी त्यांचा जीव तिच्यात आहे हे दिसतंच.

शाळेतली_बाई | ९ डिसेंबर, रात्री ८.४५

मी बीड जिल्ह्यात माध्यमिक शाळेवर आहे. दोन दिवस हा धागा वाचते आहे. 'आजची मुलं' म्हणून तुम्ही सगळे जी धरताय, त्यातली कितीतरी माझ्या वर्गात नाहीत.

माझ्या नववीच्या पटावर ४१ मुलं. दिवाळीनंतर हजर २६. बाकीची टोळीबरोबर ऊसतोडीला गेली, कुणी सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. मुकादमाकडून उन्हाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायकोची जोडी जाते. जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. म्हणून मुलगा अठरा-एकोणीसचा झाला की त्याचं लग्न करतात, अर्ध्याचा पूर्ण व्हावा म्हणून. आणि मुलगी कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, एकटी ठेवायची भीती, गावी म्हातारीजवळ ठेवायची भीती, म्हणून तिचं आधी करतात. २०१९-२१ च्या पाहणीत राज्यात वीस ते चोवीस वयाच्या शंभरातल्या बावीस बायकांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. आमच्या जिल्ह्यात शंभरात चाळीसच्या वर.

पहाटे तीन-चारला उठून फडात, मोळ्या बांधायच्या, धाकटं भावंड सांभाळायचं, रात्री गाडी भरायची. आबा, तुमच्या खडीत आणि यात काय फरक आहे? तुमचा दुष्काळ संपला तरी. हिचा दर वर्षी येतो, आणि तिच्या आईलाही येत होता.

आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावं. हंगामी वसतिगृहही चालवतो, गावातच कुणाच्या घरी मुलांच्या जेवणाची सोय करून. पण त्यात लहान मुलं राहतात. नववीची मुलगी ठेवायला आईबाप तयार नसतात, आणि मी त्यांना खात्री देऊ शकत नाही.

यंदा एक मुलगी गेली. गणितात वर्गात पहिली. जाताना माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, माझी वही तुमच्याकडं ठेवा, कोपीत भिजती."

गिरणगावकर | ९ डिसेंबर, रात्री ९.३०

बाई, हे वाचून माझ्या पुतण्याचं सगळं बाजूला ठेवलं. तुमच्या शाळेला वह्या, सोलरचे दिवे असं काही लागत असेल तर इथे यादी टाका. आम्ही चाळीतले जुने काही जण अजून एकत्र आहोत.

फिटर_नाशिक | १० डिसेंबर, सकाळी ७.५०

मीही. पण वह्यांनी उचल फिटत नाही, हेही खरं.

ओवी_सोलापूर | १६ डिसेंबर, रात्री १०.१५

उशिरा लिहिते आहे, क्षमा असावी.

सगळं वाचून दाखवलं वडिलांना. दोन रांजणांचं आलं तिथे त्यांनी थांबवलं, "आमच्याकडंबी होते" एवढंच म्हणाले. शनिवारी स्वतःहून एसटीने लातूरला गेले. मुलींच्या होस्टेलवर पुरुषांना वर सोडत नाहीत, म्हणून खालच्या बाकावर बसले. ती रात्री नऊला आली. म्हणाले, "मला तुझं ते माप दाखव." तिने मोबाइलवर रँकचा आलेख दाखवला, दीड वर्षाचा. त्यांनी चष्मा लावून सगळा पाहिला. म्हणाले, "आमचा ओव्हरसियर आठवड्यातून एकदा यायचा. हा तर खिशातच बसलाय." ती हसली म्हणे, मग बराच वेळ रडली. या वेळी ते उठून गेले नाहीत.

समुपदेशकताई, मी तिला सरळ विचारलं. पैशांचं ओझं वाटतं, दुसरं काही नाही, असं म्हणाली. १४४१६ कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. तिने आमच्याकडे एकच मागितलं, रविवारी फोनवर चाचणीचं विचारायचं नाही. परवा नाही विचारलं. तिनेच सांगितलं की मेसच्या काकूंनी शेंगोळे केले होते, पण आईसारखे नव्हते.

बाई, त्या मुलीचं काही कळलं का?

शाळेतली_बाई | १७ डिसेंबर, सकाळी ६.४०

तिच्या आईचा फोन लागला मागच्या आठवड्यात. कारखान्यापासून आठ किलोमीटरवर फड आहे, जवळ शाळा आहे पण माध्यमिक नाही. मुलगी बोलली दोन मिनिटं. वर्ग कुठवर आलाय विचारत होती. मी सांगितलं, बहुपदी चालू आहे. म्हणाली, "मग लई नाही गेलं पुढं."

हंगाम मार्चपर्यंत चालेल. नाव पटावर ठेवलं आहे.